फ्रेंच ‘एशेक’, बँकेचा चेक आणि आपला ‘शह’

प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रेंचमध्ये ‘एशेक’ म्हणजे अपयश. त्याच शब्दाला अनेकवचनाचा ‘एस’ लागला की अर्थ होतो बुद्धिबळ. इंग्रजीत ‘चेक’ म्हणजे तपासणे, रोखणे, चौकड्यांचं कापड आणि बँकेचा कागदही. हे सगळे शब्द एकाच घराण्यातले का? आणि बँकेचा चेक हा मुळात अरबी ‘सक्क’ आहे असं जे वारंवार वाचायला मिळतं, ते खरं का?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. हो, हे सगळे एकाच शब्दाचे वंशज आहेत, आणि तो शब्द मराठी माणसाला परका नाही: पटावर राजावर चाल करून जाताना आपण म्हणतो तो ‘शह’. ‘सक्क’ची गोष्ट मात्र मला पटत नाही, का ते पुढे येईल. गेली बरीच वर्षं मी फ्रेंच शिकवतो आणि करारपत्रं, बँकेचे नि कोर्टाचे कागद मराठी-इंग्रजीत आणतो. या कामात ‘एशेक’ सतत भेटतो. त्याचं मूळ माहीत नसलं तर भाषांतरात कुठे घसरायला होतं, तेही शेवटी सांगतो.

खेळ भारतातला. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सेनेची चार अंगं, म्हणून चतुरंग. इराणात गेल्यावर तो ‘चतरंग’ झाला आणि अरबीत ‘शतरंज’. खेळाचं नाव संस्कृत राहिलं, पण खेळताना तोंडाने उच्चारायचे शब्द इराणी झाले. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर मारा आला की ‘शाह!’ म्हणून इशारा द्यायचा, म्हणजे ‘राजा सांभाळ’. हा ‘शाह’ जुन्या इराणी भाषेत सत्ता गाजवणे या अर्थाच्या धातूपासून आला, आणि त्या धातूचा संस्कृत भाऊबंद आपल्या ‘क्षत्र’ शब्दात आहे. ‘शहर’ हा शब्दही त्याच इराणी कुळातला. आधी तो राज्य या अर्थाचा होता. ‘शहाणा’ मात्र या घरातला नाही, कोशकार त्याला ‘सज्ञान’कडे नेतात. केवळ कानाला सारखं लागलं म्हणून शब्द जोडू नयेत, याचं हे उदाहरण लक्षात ठेवा. ‘सक्क’च्या वेळी ते उपयोगी पडेल.

अरबांकडून खेळ स्पेन आणि इटलीमार्गे युरोपात पोचला. स्वित्झर्लंडमधल्या आइन्सिडेल्नच्या मठात दहाव्या शतकाच्या अखेरीची, बुद्धिबळावरची एक लॅटिन कविता जपलेली आहे. युरोपातला या खेळाचा तो सर्वांत जुना लेखी उल्लेख मानला जातो. मध्ययुगीन लॅटिनने ‘शाह’चा ‘स्काकुस’ केला. सोंगट्यांनाही तेच नाव पडलं आणि खेळालाही. लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये उतरताना आरंभीच्या ‘स्क’चा ‘एश्च’ झाला आणि ‘एश्चेक’ तयार झाला. ‘शाह’च्या शेवटी ‘क’ कुठून आला, हा विद्यार्थ्यांचा ठरलेला प्रश्न. लॅटिन लेखकांना अरबी-फारसी ‘ह’ लिहायची सोय नव्हती हे एक कारण. शिवाय जुन्या फ्रेंचमध्ये फ्रँक लोकांच्या भाषेतून आलेला, ‘लूट’ या अर्थाचा अगदी याच रूपाचा एक शब्द आधीच होता. त्याने नव्या पाहुण्याला आपल्या वळणावर ओढलं, असं बऱ्याच कोशकारांचं मत आहे. लढाई आणि लूट शेजारी नांदणाऱ्या काळात हे सहज घडण्यासारखं आहे.

आता एक बारीक जागा. जुन्या फ्रेंचमध्ये अनेकवचनाचा ‘एस’ लागला की त्याच्या आधीचा ‘क’ गळून पडत असे. म्हणजे एकवचन ‘एश्चेक’ आणि अनेकवचन ‘एश्चेस’. इंग्रजांनी दोन्ही रूपं उचलली, दोघांचाही आरंभीचा ‘ए’ टाकला, आणि त्यांना ‘चेक’ व ‘चेस’ असे दोन स्वतंत्र शब्द मिळाले. ‘चेस’ हे मुळात ‘चेक’चं अनेकवचन आहे, हे आज कुणा इंग्रज पोराच्या मनातही येणार नाही. फ्रेंचने पुढे ‘स्’ आणि ‘च’ दोन्ही झिजवून आजचा ‘एशेक’ केला. आता एकवचन नि अनेकवचन दोन्ही एकसारखेच उच्चारले जातात. फरक फक्त कागदावर दिसतो, किंवा मागच्या-पुढच्या शब्दांवरून कळतो.

बुद्धिबळातून ‘अपयश’ कसं निघालं? राजाला शह बसला की खेळाडूच्या मनातला बेत थांबतो. आधी राजा सोडवायचा, बाकीचं नंतर. म्हणून फ्रेंचमध्ये ‘एशेक’ म्हणजे आधी अडसर, वाट रोखली जाणं. मग बेत फसणं, आणि त्यानंतर सरसकट अपयश. परीक्षेतलं, लग्नातलं, वाटाघाटीतलं, रॉकेटच्या उड्डाणातलं, सगळं. ‘एशेक स्कोलेर’ म्हणजे शाळेत मूल मागे पडणं किंवा गळणं. फ्रान्सच्या शिक्षणखात्याच्या अहवालांत हा शब्द पावलोपावली दिसतो. त्यात आता बुद्धिबळाचा गंधही उरलेला नाही. इंग्रजीने मात्र मधल्याच पायरीवर मुक्काम केला. रोखणे, आवर घालणे हा अर्थ तिने धरून ठेवला, आणि त्यातून ‘थांबवून पाहणे, पडताळणे’ हा नवा अर्थ काढला. एकाच शहाचे हे दोन फाटे इंग्लिश खाडीच्या दोन काठांवर फुटले.

पण या घराण्यातली सर्वांत रोचक शाखा पटाची आहे. पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ म्हणत, आज ‘एशिकिए’. इंग्लंड जिंकल्यावर नॉर्मन राजांचा कारभार फ्रेंच आणि लॅटिनमध्ये चालत होता. पहिल्या हेन्रीच्या काळात, बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, राजाच्या हिशेबखात्याला हेच नाव पडलं. इंग्रजीत त्याचं ‘एक्सचेकर’ झालं. त्यातला ‘एक्स’ मागाहून कुणीतरी लॅटिन उपसर्ग समजून घुसडलेला आहे, मुळात तो नव्हता. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवतो, म्हणजे शब्दशः बुद्धिबळाच्या पटाचा कुलपती.

हे नाव का पडलं, याची साक्ष त्या खात्यातल्याच माणसाने लिहून ठेवली आहे. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुरू-शिष्य संवादाच्या रूपाने या खात्याची कार्यपद्धती लॅटिनमध्ये लिहायला घेतली. त्यात त्याने टेबलाचं वर्णन दिलं आहे: सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेने चार बोटं उंच काठ, म्हणजे वर ठेवलेलं काही खाली पडू नये. त्यावर ईस्टरच्या सत्रात विकत आणलेलं काळं कापड अंथरायचं. साधं काळं नाही, तर फूटभर किंवा वीतभर अंतराने रेघा आखलेलं. रेघांमधल्या पट्ट्यांत मोजणीच्या सोंगट्या मांडायच्या. उजवीकडून पहिला पट्टा पेन्सचा, दुसरा शिलिंगांचा, तिसरा पौंडांचा, मग विसांचा, शंभरांचा, हजारांचा. परगण्याचा शेरीफ, म्हणजे तिथला राजाचा वसुली अधिकारी, वसुली घेऊन समोर बसणार. त्याने किती द्यायचं होतं ते एका ओळीत, किती आणलं ते दुसऱ्या ओळीत. खालची रक्कम वरच्या रकमेतून वजा करत जायची.

ही पद्धत तेव्हा किती मोलाची होती ते लक्षात घ्या. हिशेब रोमन अंकांत लिहिले जात. शून्य नव्हतं, स्थानमूल्य नव्हतं. रोमन अंकांत वजाबाकी करून पाहा, हात कसा अडतो ते कळेल. कापडावर रिकामा राहिलेला पट्टा शून्याचं काम करत होता, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या शेरीफलाही आपल्यासमोर काय चाललं आहे ते डोळ्यांनी दिसत होतं. त्या संवादात शिष्य नावाचं कारण विचारतो. गुरू म्हणतो की टेबलाचं रूप पटासारखं आहे म्हणून. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. पटावर दोन राजांची लढाई होते, तशी इथे दोघांची झुंज होते, खजिनदाराची आणि शेरीफची, आणि बाकीचे सगळे पाहत बसतात, असं तो सांगतो. हा उतारा मी वर्गात वाचून दाखवतो, कारण शब्दाचं मूळ त्याच्या समकालीनाच्याच तोंडून ऐकायला मिळणं ही दुर्मिळ गोष्ट आहे. (नॉर्मंडीतही याच नावाचं न्यायालय होतं, १५१५ मध्ये त्याचं नाव बदलून ते नॉर्मंडीचं ‘पार्लमाँ’ झालं, म्हणजे संसद नव्हे, न्यायालयच.)

चौकड्यांच्या कापडाला इंग्रजीत ‘चेक्ड’ म्हणतात तेही याच पटावरून. आपल्या कपाटातला चेक्सचा शर्ट त्याच शाखेतला.

आता बँकेचा चेक. हिशेबखात्यात पैसे भरल्याची पावती म्हणून लाकडी दांडकी वापरत. रकमेच्या खुणा कोरायच्या, मग दांडकं उभं चिरायचं, आणि अर्धं-अर्धं दोघांनी ठेवायचं. पुढे वाद झाला तर दोन्ही तुकडे जुळवून पाहायचे. खुणा आणि लाकडाच्या रेषा जुळल्या की व्यवहार खरा. एकोणिसाव्या शतकापर्यंत ही दांडकी चालली. साठलेली जुनी दांडकी १८३४ च्या ऑक्टोबरमध्ये वेस्टमिन्स्टरला भट्टीत जाळायला घेतली, तेव्हा आग भडकून ब्रिटिश पार्लमेंटची बहुतेक इमारतच खाक झाली.

दोन भाग जुळवून पडताळणं ही जी कल्पना, तिला इंग्रजीत ‘चेक’ हा शब्द आधीच लागू होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पैसे देण्याचे कागदी हुकूमनामे आले, तेव्हा मूळ कागद फाडून दिल्यावर आपल्याकडे राहणाऱ्या अर्ध्या भागाला, म्हणजे आपण ज्याला स्थळप्रत किंवा काउंटरफॉइल म्हणतो त्याला, ‘चेक’ म्हणू लागले. फसवणूक रोखणारा तो ‘चेक’. मग अशी स्थळप्रत असलेल्या सगळ्याच कागदाला ते नाव आलं. ब्रिटिशांनी पुढे त्याचं स्पेलिंग ‘क्यू यू ई’ असं वळवलं, त्यावर ‘एक्सचेकर’च्या स्पेलिंगची छाप आहे. अमेरिकेने जुनंच साधं स्पेलिंग ठेवलं. अमेरिकन आणि ब्रिटिश चेकबुकांवर वेगळं स्पेलिंग दिसतं ते यामुळे.

आता ‘सक्क’. अरबीत ‘सक्क’ म्हणजे लेखी दस्त, देण्याचा हुकूमनामा. बगदादच्या अब्बासी खलिफांच्या काळातल्या व्यापाऱ्यांत असे दस्त चालत हे खरं आहे. त्याचं अनेकवचन ‘सुकूक’ आज इस्लामी रोख्यांसाठी वापरतात. दूरच्या पेढीवर पैसे मिळवून देणारा कागद ही कल्पना आशियात जुनी आहे, आपली हुंडी घ्या. पण कल्पना जुनी असणं आणि शब्द तिथून येणं या वेगळ्या गोष्टी. ‘सक्क’पासून ‘चेक’ आला असता, तर वाटेत त्याच्या खुणा दिसायला हव्या होत्या. अरबांशी व्यापार होता तो जेनोआ, व्हेनिस, बार्सिलोना इथल्या लोकांचा. त्यांच्या मध्ययुगीन वह्यांतून तो शब्द आधी इटालियनमध्ये यायला हवा होता. इटालियन माणूस चेकला आजही ‘असेन्यो’ म्हणतो, आणि स्पॅनिशमधला ‘चेके’ हा उलट इंग्रजीकडून घेतलेला आहे. इंग्लंडमध्ये मात्र प्रत्येक पायरी कागदावर सापडते: रोखणे, पडताळणे, स्थळप्रत, चेक. अशी सलग साखळी हाती असताना केवळ ‘क’ आणि ‘स’-‘च’ यांच्या सारखेपणावर दुसरं मूळ शोधायची गरज नाही. ‘सक्क’वर ज्यांचं प्रेम आहे त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की चेकचं मूळ तरीही इराणी-अरबी वाटेवरच आहे, फक्त पेढीच्या नाही, पटाच्या वाटेवर.

आणि मग हा शब्द परत घरी आला. फ्रेंचांनी इंग्रजांकडून बँकेचा चेक घेतला. १८६५ मध्ये फ्रान्सने त्यासाठी कायदा केला आणि ‘शेक’ हा शब्द फ्रेंचमध्ये पक्का झाला. त्यामुळे आज फ्रेंचमध्ये ‘एशेक’ आणि ‘शेक’ हे दोघे सख्खे एकमेकांना न ओळखता राहतात. चेकबुकाला फ्रेंच माणूस ‘शेकिए’ म्हणतो आणि बुद्धिबळाच्या पटाला ‘एशिकिए’. पहिला इंग्लंडची फेरी करून आलेला, दुसरा कधी घर न सोडलेला. कॅनडात आणखी एक वळण आहे. आइस हॉकीत प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देऊन रोखणं याला इंग्रजीत ‘चेक’ म्हणतात. क्वेबेकच्या फ्रेंच समालोचकांनी त्यासाठी ‘मीझ आँ एशेक’ हा प्रयोग रुळवला, म्हणजे इंग्रजी शब्दाच्या जागी त्याचाच फ्रेंच पूर्वज बसवला.

इतर भाषा भराभर पाहू. जर्मन ‘शाख’ म्हणजे बुद्धिबळही आणि शहही. ‘शाखमात’ म्हणजे हरलेला, आणि बोलीभाषेत थकून गळून गेलेला. त्यांच्याकडेही बँकेचा ‘शेक’ इंग्रजीतून वेगळा आला. रशियन तर सगळ्या खेळालाच ‘शाखमाती’ म्हणतात. इटालियन ‘स्काको’ म्हणजे शह, पटावरचं घर आणि पराभव. स्पॅनिश आणि पोर्तुगीज यांनी शहासाठी ‘शाह’चीच रूपं ठेवली, पण खेळाचं नाव अरबी ‘शतरंज’वरून घेतलं, म्हणजे शेवटी आपल्या चतुरंगावरून. पोर्तुगीज ‘शाद्रेश’चे तीन अर्थ आहेत: बुद्धिबळ, चौकड्यांचं कापड आणि, विशेषतः ब्राझीलच्या बोलीत, तुरुंगाची कोठडी. गजांच्या जाळीची चौकट डोळ्यासमोर आणली की तिसरा अर्थ उलगडतो.

मराठीत हा शब्द दोन वाटांनी आला. जुनी वाट फारसीची. ‘शह’, ‘काटशह’, ‘मात’ हे आपल्या राजकीय बातम्यांचे नेहमीचे शब्द. ‘शह’ आपल्याकडे रोखण्याच्याच अर्थावर थांबला, फ्रेंचसारखा अपयशापर्यंत घसरला नाही. ‘संकटावर मात केली’ म्हणताना आपण पटावरचाच शेवटचा शब्द उच्चारत असतो. त्या ‘मात’बद्दल मतभेद आहेत. काही जण अरबी ‘मेला’ या अर्थाच्या क्रियापदाकडे बोट दाखवतात, काही फारसी ‘मात’कडे, म्हणजे थक्क, निरुपाय झालेला. मी दुसऱ्या बाजूचा. पटावर राजा कधी मारला जात नाही, त्याला हलायला जागा उरत नाही आणि डाव संपतो. फ्रेंच खेळाडू शेवटी ‘एशेक ए मात’ म्हणतो, त्यातला ‘मात’ आपल्या उच्चाराच्या इतका जवळ आहे की मराठी मुलाला तो शिकवावा लागत नाही. शहाजीराजांच्या नावातही हाच ‘शाह’ आहे. नगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली अशी परंपरा सांगते.

दुसरी वाट इंग्रजीची: चेक, चेकिंग, चेकअप, चेक करून सांगतो. बँकेच्या कागदाला ‘धनादेश’ हा चांगला शब्द आहे, पण तो छापील अर्जावर राहिला. खिडकीवर सगळे चेकच मागतात. मला यातला सर्वांत आवडतो तो ‘चेकनाका’. मुंबई-ठाण्याच्या वेशीवर मुलुंड चेकनाका आहे. गाडी थांबवणं आणि तपासणं हे ‘चेक’चे दोन्ही जुने अर्थ तिथे एकत्र येतात, आणि बसचा कंडक्टर ते नाव पुकारतो.

आता भाषांतर करणाऱ्यांसाठी, कारण प्रश्न विचारणाऱ्याने आपण फ्रेंचची परीक्षा देतोय असं लिहिलं आहे. सर्वांत फसवा प्रयोग ‘तनीर आँ एशेक’. क्रीडा-बातमीत एखाद्या छोट्या संघाने बलाढ्य संघाला ‘तनु आँ एशेक’ असं येतं. विद्यार्थी ‘एशेक’ पाहून ‘हरवलं’ लिहून मोकळे होतात. खरा अर्थ बरोबरीत रोखलं, सामना अनिर्णित. इथे ‘एशेक’ अजून शह आहे, अपयश झालेलं नाही. ‘फेर एशेक आ’ म्हणजे एखादा बेत हाणून पाडणं. त्याला मराठीत ‘शह देणे’ अगदी नेमकं बसतं, आणि असं बसतं तेव्हा खुशाल वापरावं. ‘सुबीर अं एशेक’ म्हणजे अपयश पदरी येणं. तिथे शह आणू नका.

शेवटचा ‘एशिकिए पोलितिक’. फ्रेंच वर्तमानपत्रांत हा शब्द म्हणजे डाव्यांपासून उजव्यांपर्यंत पसरलेलं राजकीय क्षेत्र, कोणता पक्ष कुठे उभा आहे त्याची मांडणी. मराठीत ‘राजकीय सारीपाट’ हा तयार प्रयोग हाताशी असतो आणि बहुतेक जण तोच लिहितात. पण सारीपाटात दान फाशांच्या हाती असतं, आणि एशिकिएवर फासा नसतो. मी ‘राजकीय पट’ लिहितो.